घरच्या कामाचा ताळेबंद

शिबिरात भोजन आटोपताच मुले रांगेने उभी राहतात, आपापले ताट घासून जागेवर ठेवतात आणि कोणी कुरकुर करीत नाही. तोच मुलगा घरी परतला, की दुसऱ्याच दिवशी उष्टे ताट तसेच सोडून उठतो. ‘ताट उचल’ एवढ्या दोन शब्दांवरून मग घरात वादळ उठते. मुलगा तोच, ताटही तसेच. मग अंतर कोठे पडते? शिबिरात कामाची वेळ ठरलेली असते, प्रत्येकाला वाटा असतो आणि ज्येष्ठही त्याच रांगेत उभे असतात. घरी मात्र काम अवचित हुकमाच्या रूपाने येते आणि हुकूम सोडणारे वडील वर्तमानपत्र चाळीत बसलेले असतात.

नगर तालुक्यातील हिवरे बाजारने या प्रश्नाचे उत्तर निराळ्या क्षेत्रात दिले आहे. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर या दुष्काळी गावाने श्रमदान हा गावाचा नियम केला. तेथे पावसाचे मोजमाप होते, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला जातो आणि कोणती पिके घ्यावीत हे त्यावरून ठरते. ऐन उन्हाळ्यात विहिरीवर भांडण्यापेक्षा आधीच सर्वांसमक्ष हिशेब मांडणे, हे त्यातील मर्म आहे.

कुटुंबानेही रविवारी सायंकाळी अशी छोटी ग्रामसभा भरवावी. घरातील सर्व कामे कागदावर लिहावीत. आई पहाटेपासून काय काय उरकते, हे मुलांना बहुधा तेव्हाच प्रथम कळते. मग वाटे पडावेत, आणि पहिला वाटा वडिलांनी उचलावा. पाच-सहा वर्षांच्या मुलाने चपला नीट लावाव्यात, मटार सोलावेत. दहा वर्षांच्याने पिण्याचे पाणी भरावे, कपड्यांच्या घड्या घालाव्यात. चौदा वर्षांच्याने कुकर लावावा. एकदा सोपविलेले काम त्याचेच राहावे. घडी वाकडी पडली म्हणून आईने ती पुन्हा घालू नये. तसे केल्यास मुलाचा हुरूप जातो. कामाबद्दल पैसेही देऊ नयेत. आपल्या घरात आपण मजूर नसतो. परीक्षेच्या दिवसांत वाटा हलका करावा, परंतु तो पूर्णपणे काढून घेऊ नये.

वाटणी करताना मुलगा-मुलगी हा भेद मात्र कटाक्षाने टाळावा. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या पाहणीनुसार, बिनमोल घरकाम करणाऱ्यांपैकी स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या, तर पुरुष ९७ मिनिटे. ही दरी बालपणीच पडते. भावाचे ताट बहिणीने उचलले, की तिचा आरंभ होतो. त्याचबरोबर मर्यादेचेही भान हवे. पाथर्डी-जामखेडकडून ऊसतोडणीस जाणाऱ्या कुटुंबांतील मुली कोपीवर धाकट्या भावंडांना सांभाळतात आणि त्यांची शाळा सुटते. तो संस्कार नव्हे, लादलेला भार होय. मुलाचे शिक्षण, खेळ आणि झोप अबाधित ठेवून जे काम होते, तेच संस्काराचे.

पहिले काही आठवडे विसरभोळेपणा होईल, टाळाटाळही होईल. त्या वेळी आवाज चढविण्याऐवजी भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवावे. ज्या घरात वडील स्वतःचे ताट घासतात, तेथे मुलाला ‘ताट उचल’ असे सांगण्याचा प्रसंग फार दिवस येत नाही.