घरात झालेला खुनाचा प्रयत्न

भररस्त्यात एकाने दुसऱ्याच्या डोक्यात कुऱ्हाड घातली, तर तो खुनाचा प्रयत्न होय, याविषयी कोणाला शंका वाटत नाही. तीच कुऱ्हाड नवऱ्याने बायकोवर उगारली की तिला ‘घरगुती भांडण’ म्हणण्याची आपल्या समाजाची आणि पोलीस ठाण्यांची जुनी रीत आहे. ही रीत कायद्यात कोठेही लिहिलेली नाही.

जबलपूर जिल्ह्यातील मझौलीसारख्या तहसिलीच्या गावी जखमी स्त्री ठाण्याची पायरी चढते, तेव्हा तिच्या फिर्यादीला कोणते कलम लागते यावर पुढचे सारे अवलंबून असते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत साधी दुखापत कलम 115 खाली येते. तो गुन्हा अदखलपात्र असल्याने दंडाधिकाऱ्याच्या हुकुमाविना पोलीस तपासही करू शकत नाहीत. पतीच्या क्रूरतेला, म्हणजे 1983 साली आलेल्या जुन्या 498 अ ला, फार तर तीन वर्षांची शिक्षा आहे. खुनाच्या प्रयत्नाचे कलम 109, पूर्वीचे 307, मात्र दहा वर्षांपर्यंत आणि दुखापत झाली असल्यास जन्मठेपेपर्यंत जाते.

‘जखम प्राणघातक नव्हती’ हा बचाव नेहमीचाच. परंतु जखम प्राणघातक असलीच पाहिजे असे नाही, हेतू आणि त्यानुसार केलेली कृती पुरेशी आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1983 साली महाराष्ट्रातील एका खटल्यात सांगितले. मध्य प्रदेशातील खटल्यात 2019 साली तेच पुन्हा बजावले. गळा आवळला असता पुष्कळदा अंगावर खूणही उरत नाही, पण जीव जाऊ शकतो. म्हणूनच ब्रिटनने 2021 च्या कायद्याने गळा आवळणे हा स्वतंत्र गुन्हा ठरवला.

याचा अर्थ प्रत्येक मारहाणीला कलम 109 लावावे असा नव्हे. हेतू किंवा जाणीव सिद्ध करावीच लागते. पुराव्यावाचून फुगवलेला आरोप न्यायालयात कोसळतो आणि आरोपी मान ताठ करून त्याच घरात परततो. म्हणून हत्यार कोणते, घाव कोठे, रॉकेल ओतले काय, गळा दाबला काय, पूर्वी धमक्या दिल्या होत्या काय, याची नोंद पहिल्याच जबानीत आणि वैद्यकीय तपासणीत झाली पाहिजे. कसोटी कृत्याची असावी, नात्याची नव्हे.

तडजोडीचा प्रश्नही असाच आहे. खुनाचा प्रयत्न हा समाजाविरुद्धचा गंभीर गुन्हा असून केवळ आपसातील समझोत्यावर तो रद्द होऊ नये, असे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 2019 साली मध्य प्रदेशातीलच प्रकरणात मांडले. घरातील वडीलधाऱ्यांच्या बैठकीला हा अधिकार कोणी दिला?

तथापि कलम बदलल्याने भाकरीचा प्रश्न सुटत नाही. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी अवघ्या 14 टक्के स्त्रियांनी कोणाकडे मदत मागितली. जिला स्वतःची मजुरी नाही, डोक्यावर दुसरे छप्पर नाही, ती साक्ष कोणत्या बळावर देणार? 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने तिला राहत्या घराचा हक्क आणि संरक्षण अधिकारी दिला. तो हक्क प्रत्येक तहसिलीत प्रत्यक्ष मिळाला पाहिजे.

नवा कायदा मागण्यापूर्वी आहे तो कायदा घराच्या उंबरठ्याच्या आत नेणे, ही आजची तातडीची मागणी आहे. स्त्री मेल्यानंतर खुनाचे कलम लावणाऱ्या व्यवस्थेने ती जिवंत असताना तिची फिर्याद पुरती लिहून घ्यावी.