उडालेला फ्यूज काय सांगतो

ड्रिप कॉफी मेकर टेबलावर येतो. बटण दाबले तरी दिवा लागत नाही. मीटर लावून पाहिले तर कॉर्ड ठीक, स्विच ठीक, एलिमेंटही ठीक; थर्मल फ्यूज मात्र उडालेला. पुढचे काम आपल्या धंद्यात अनेक ठिकाणी पाच मिनिटांत उरकले जाते. फ्यूज कापून टाकायचा, दोन टोके जोडायची, वरून टेप गुंडाळायची. ‘डायरेक्ट केला’ म्हणतो आपण. दिवा लागतो, प्लेट तापते, गिऱ्हाईक समाधानाने पैसे देऊन जाते.

या महिन्याचे संपादकीय या डायरेक्ट करण्याच्या विरोधात आहे. आगीचा धोका हे त्याचे एक कारण आहेच. त्याहून मोठे कारण असे, की टोके जोडली म्हणून यंत्र दुरुस्त होत नाही. ज्या कारणाने फ्यूज उडाला ते कारण जिथल्या तिथे राहते आणि आपण फक्त त्याची खूण पुसून टाकलेली असते.

यंत्राचे काम एकदा डोळ्यांसमोर आणू. साध्या ड्रिप मशीनमध्ये मोटर नसते, पंपही नसतो. टाकीतले थंड पाणी आपल्याच वजनाने नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमधून खाली उतरते आणि अ‍ॅल्युमिनियमच्या नळीत भरते. घोड्याच्या नालेसारखे वळलेले एलिमेंट या नळीला चिकटलेले असते. नळीतले थोडेसे पाणी उकळते, वाफेचे बुडबुडे होतात. व्हॉल्व्ह त्यांना टाकीकडे परत जाऊ देत नाही, म्हणून ते पुढचे पाणी ढकलत उभ्या नळीतून शॉवरपर्यंत नेतात. तेच एलिमेंट वरची प्लेटही गरम ठेवते. टाकी रिकामी झाली की उष्णता वाहून नेणारे पाणी उरत नाही, तापमान चढते आणि थर्मोस्टॅट तुटतो. प्लेट निवली की तो पुन्हा जुळतो. म्हणजे या यंत्रात पाणी दोन कामे करते. त्याची कॉफी होते, आणि एलिमेंटला आवरून धरणारेही तेच असते.

आता त्या नळीत क्षार बसू लागले तर काय होते ते पाहा. जड पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळलेले असते. पाणी तापले की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट नळीच्या आतल्या अंगाला धरते. हा थर उष्णतेला अडवतो. एलिमेंट तेवढीच उष्णता देत असते, पण ती पाण्यात पूर्वीसारखी उतरत नाही, म्हणून नळीची धातू जास्त तापते. मग टाकीत पाणी असतानाच थर्मोस्टॅट तुटतो, जुळतो, पुन्हा तुटतो. गिऱ्हाईक सांगते, ‘हल्ली फार वेळ लागतो, आवाज करते, वाफच जास्त येते.’ हा पहिला टप्पा. थर्मोस्टॅटचे कॉन्टॅक्ट गरजेपेक्षा कितीतरी जास्त वेळा उघडझाप करतात, प्रत्येक वेळी ठिणगी पडते, खड्डे पडतात, आणि एक दिवस ते एकमेकांना चिकटून बसतात. आता एलिमेंटला थांबवणारे कोणी उरले नाही. तिथे थर्मल फ्यूज आपला जीव देतो.

या साखळीच्या शेवटी आपण फ्यूज डायरेक्ट करतो तेव्हा क्षार तसेच असतात, थर्मोस्टॅट चिकटलेला असतो, आणि शेवटचा अडसरही आपणच काढलेला असतो. सकाळी कोणी प्लेट चालू ठेवून कामाला निघून गेले, तर खालचे प्लास्टिक वितळणार. ते पेटूही शकते.

इथे एक गोष्ट नव्या मुलांना आवर्जून शिकवावी. थंड थर्मोस्टॅट मीटरवर नेहमी जुळलेलाच दिसतो. चांगला असला तरी बीप, चिकटलेला असला तरी बीप. म्हणून नुसती कंटिन्युइटी पाहून ‘थर्मोस्टॅट ओके’ म्हणणे धोक्याचे आहे. तो सोडवून हॉट एअर गनने तापवा आणि मीटर लावून ठेवा. टक्‌ आवाज होऊन सर्किट उघडले पाहिजे आणि निवल्यावर पुन्हा जुळले पाहिजे. हे झाल्याशिवाय नवा फ्यूज घालू नये. घातलाच तर तोही काही दिवसांत जाणार आणि यंत्र परत आपल्याच टेबलावर येणार.

फ्यूज बदलतानाची चूकही फार सर्रास दिसते. टोकांना सोल्डर मारतात. साधे कथिल-शिशाचे सोल्डर १८३ अंशांच्या आसपास वितळू लागते. कॉफी मेकरमधले थर्मल फ्यूज त्याच्याही वर, २१६, २२९, २४० अशा तापमानाचे असतात. म्हणजे फ्यूज शाबूत असतानाच जोड सुटायचा. शिवाय सोल्डर मारताना पायातून जाणाऱ्या उष्णतेने नवा फ्यूज टेबलावरच उडू शकतो. हा जोड क्रिंपचाच हवा, धातूची स्लीव्ह दाबून केलेला. वर फायबरग्लासची नळी परत चढवा, आणि फ्यूज मुळात जिथे दाबून बसवला होता तिथेच, त्याच क्लिपखाली बसवा. हवेत लोंबकळणाऱ्या फ्यूजला नळीचे तापमान कळत नाही. काही यंत्रांत दोन फ्यूज सिरीजमध्ये असतात. दुसरा जास्तीचा समजून गाळू नका. नव्याचे तापमान जुन्याच्या अंगावर छापलेल्या आकड्याएवढेच हवे. ‘तेवढा नव्हता म्हणून जास्तीचा घातला’ हे डायरेक्ट करण्याचेच सौम्य रूप आहे.

खरी दुरुस्ती मात्र नळीतल्या क्षारांची. त्यासाठी यंत्र उघडण्याआधी विचारायचा प्रश्न एकच: पाणी कुठले वापरता? मुंबईत तलावांचे पाणी मऊ असते, तिथे वर्षानुवर्षे वापरलेल्या मशीनची नळीही बरीच स्वच्छ निघते. पुण्याच्या कडेच्या सोसायट्यांत टँकर आणि बोअरचे पाणी मिसळते. अकोला, अमरावती, बुलढाण्यातल्या पूर्णा खोऱ्याच्या खारपाण पट्ट्यात भूजल खारे असते हे सर्वांना ठाऊक आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, एकूण जडपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत सवलत आहे. हे पाणी पिण्याला चालत असेल, पण बोटभर जाडीच्या नळीत रोज उकळायला ते चालत नाही.

क्षार काढायला सायट्रिक अ‍ॅसिड पुरते. किराणा दुकानात ते लिंबूफूल म्हणून मिळते. लिटरभर पाण्याला २५ ते ३० ग्रॅम. टाकीत ओतून मशीन चालू करा, वरून पाणी पडू लागले की बंद करा आणि अर्धा तास तसेच राहू द्या. थराला वेळ द्यायचा असतो, उकळ्या फोडायच्या नसतात. सायट्रिक अ‍ॅसिडचे द्रावण सतत उकळत ठेवले तर कॅल्शियम सायट्रेट तयार होऊन तेच खाली बसते आणि काम वाढते. मग उरलेले पाणी चालवून टाका, नंतर साध्या पाण्याच्या दोन फेऱ्या. नळी फारच बुजली असेल तर हे सगळे पुन्हा करा. व्हिनेगरनेही काम होते, पण सिलिकॉनच्या नळ्यांत वास राहतो आणि पुढचे कित्येक कप आंबट लागतात.

बाथरूमची फरशी धुण्याचे अ‍ॅसिड मात्र कोणत्याही परिस्थितीत नको. त्यात हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असते. ते क्षार झटपट काढते आणि त्याच झपाट्याने अ‍ॅल्युमिनियमची नळीही खाते. चाळण झालेल्या नळीतून पाणी थेट एलिमेंटच्या जोडांवर येते, आणि मग बदलायला आख्खी असेंब्लीच लागते, जी सहसा मिळत नाही.

आरओचे पाणी वापरणाऱ्यांकडे क्षारांचा त्रास जवळजवळ नसतो. त्यांची तक्रार चवीची असते. कॉफीचा अर्क नीट उतरायला पाण्यात थोडे क्षार लागतात. त्यांना नळाचे थोडे पाणी मिसळायला सांगावे.

सगळेच दोष क्षारांचे नसतात हेही तितकेच खरे. टाकीत बुडबुडे येत असतील आणि वर पाणी चढत नसेल तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह उघडा अडकला आहे. वाफ मागे जाते आहे. उलट प्लेट तापते, टाकी भरलेली आहे आणि आवाजच नाही, तर तो बंद अडकलेला असेल किंवा नळीत हवा धरली असेल. व्हॉल्व्हमधला छोटा गोळा किंवा सिलिकॉनची पाकळी काढून धुतली की बहुतेक वेळा भागते.

कॉफी बास्केटमधून उतू जाते या तक्रारीसाठी तर यंत्र उघडायचीच गरज नसते. आधी पावडर पाहा. आपल्याकडे घरोघरी दाक्षिणात्य फिल्टर कॉफीची पावडर येते, आणि तिच्यात चिकोरी असते. नियमाप्रमाणे अशा मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के हवी, म्हणजे चिकोरी ४९ टक्क्यांपर्यंत असू शकते. ही पावडर पितळी किंवा स्टीलच्या फिल्टरसाठी दळलेली असते. तिथे थेंब थेंब पाणी उतरायला अवधी असतो. ड्रिप मशीन काही मिनिटांतच लिटरभर पाणी वरून सोडते. चिकोरी ओली झाली की मऊ पडते, बारीक दळण जाळीवर लगदा होऊन बसते, आणि पाणी कडेने वाहू लागते. पाकिटावरचे प्रमाण वाचा. चिकोरी नसलेली, रव्यासारखी जरा जाड दळलेली कॉफी वापरायला सांगा. दुसरे कारण बास्केटखालच्या ठिबकबंद झडपेचे. काचेचा जग फुटला म्हणून दुसऱ्या मॉडेलचा आणलेला असतो, त्याचे झाकण झडपेला पुरते वर उचलत नाही, आणि सगळे पाणी आत तुंबते. तुमच्या टेबलावर, तुमच्या जगाने तपासले तर हा दोष कधीच दिसणार नाही. म्हणून गिऱ्हाइकाला त्याचाच जग आणायला सांगा, आणि त्याच्या घरची पावडरही.

व्होल्टेजचा विचार ग्रामीण भागातल्या वाचकांनी विशेष करावा. एलिमेंटची ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते. २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळत असतील तर ताकद जेमतेम ६१ टक्के उरते. पाणी उकळूनच वर येते, पण फार सावकाश, आणि पावडर नको तितका वेळ भिजून कॉफी कडू होते. यंत्र निर्दोष असते. टेबलावर एलिमेंटचा रोध मोजला की शंका मिटते: २३० व्होल्टच्या ८०० वॉट एलिमेंटला साधारण ६६ ओहम, १००० वॉटला ५३.

मीटर १६ ओहम दाखवत असेल तर पाटी वाचा. मुलाने किंवा मुलीने अमेरिकेहून पाठवलेले ९०० वॉटचे, १२० व्होल्टचे मशीन असणार. ते आपल्या सॉकेटला लावले की १४ अँपिअरच्या वर करंट आणि सव्वातीन हजार वॉटहून अधिक उष्णता. त्यातला फ्यूज काही क्षणांत उडतो आणि ते त्याने योग्यच केलेले असते. अशा मशीनला हजार वॉटच्या वरचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. प्रवासात नेण्याच्या छोट्या कन्व्हर्टरवर ते चालणार नाही, हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा, मग ते नाराज झाले तरी चालेल.

कोकणातून आणि गोव्यातून पावसाळ्यानंतर एक वेगळीच तक्रार येते. महिनोन्‌महिने कपाटात ठेवलेले मशीन लावले की घरातला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी पडतो. एलिमेंटच्या आवरणात भरलेली मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी दमट हवेतली ओल ओढून घेते आणि करंट अर्थिंगकडे गळतो. लगेच एलिमेंट बाद करू नका. ५०० व्होल्टच्या मेगरने इन्सुलेशन मोजा, मंद उष्णतेवर काही तास सुकवा, पुन्हा मोजा. आकडा चढत गेला तर ओलच होती. चढला नाही तर आवरणाला तडा आहे, आणि मग ते मशीन परत द्यायचे नाही. अर्थिंगची तार सोडून ‘आता पडत नाही’ म्हणून देणाऱ्याला या व्यवसायात जागा असू नये.

आता पैशांबद्दल. क्षार काढणे, थर्मोस्टॅट तापवून तपासणे, पावडर आणि जग पाहणे यात तासभर जातो आणि सुटा भाग एकही लागत नाही. म्हणून आपण त्याचे पैसे मागायला संकोचतो आणि फ्यूजच्या नावाखाली वसूल करतो. असे करू नये. बिलावर ‘तपासणी’ आणि ‘क्षार काढणे’ असे स्वच्छ लिहा आणि रास्त दर लावा. जे लिहिलेले असते त्याचे पैसे लोक देतात. क्षार पुन्हा केव्हा काढायचे हेही बिलाच्या मागे लिहून द्या: बोअरच्या पाण्यावर महिन्याला, नगरपालिकेच्या मऊ पाण्यावर तीन-चार महिन्यांनी.

सुट्या भागांची अडचण मात्र आपल्या हातात नाही. व्हॉल्व्ह, नळी, ठराविक तापमानाचे फ्यूज कंपन्या किरकोळीत सहसा देत नाहीत, आणि बुडाचे अंडाकृती किंवा तीन कोनी स्क्रू आपल्याला आत येऊ द्यायचे नाही म्हणूनच बसवलेले असतात. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले आणि त्यात टिकाऊ घरगुती वस्तूंचाही समावेश केला. कॉफी मेकरच्या नळीपर्यंत तो हक्क पोहोचावा यासाठी मागणी आपणच रेटायला हवी.

तोवर आपल्यापुरते एक काम करता येईल. तुमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक कॉफी मेकरचे मॉडेल, फ्यूजवर छापलेले तापमान आणि अँपिअर, फ्यूज एक की दोन, आणि थर्मोस्टॅट किती अंशांचा, एवढे चार तपशील लिहून आमच्याकडे पाठवा. आलेल्या नोंदी पडताळून त्यांचा तक्ता या मासिकात छापू आणि नव्या नोंदी मिळतील तसा तो वाढवत नेऊ. दुकानाच्या भिंतीवर तो लावला, की ‘नेमका फ्यूज माहीत नव्हता’ हे डायरेक्ट करण्याचे कारण कोणाला देता येणार नाही.