'नोकरी कुठे मिळणार?' हे विचारायच्या आधी

पोस्ट जरा मोठी आहे. पण घरात इतिहास, साहित्य, भाषा, तत्त्वज्ञान असलं काही शिकणारं किंवा शिकू पाहणारं मूल असेल, तर वेळ काढून वाचा.

आधी माझी चूक सांगतो. दोन वर्षांपूर्वी माझी लेक इतिहासात मास्टर्स करत होती. ऑक्टोबरमध्ये एका रविवारी जेवताना म्हणाली, "बाबा, पीएचडीचा विचार करतेय." मी वरणभात कालवता कालवता विचारलं, "आणि मग नोकरी कुठे मिळणार?" विषय तिथेच संपला. आम्हाला वाटलं, खूळ गेलं.

मे महिन्यात कळलं, तिने अर्ज केला होता आणि प्रवेशही मिळाला होता. पण स्टुडंटशिपचा अर्ज वेगळा असतो आणि त्याची मुदत जानेवारीतच संपली होती. हे तिला युनिव्हर्सिटीत कुणी नीट सांगितलं नाही, आणि घरी विचारायची सोय मी ठेवली नव्हती. प्रवेश हातात, पैसा नाही. बायको म्हणाली, घर रीमॉर्गेज करू. मी जवळजवळ तयार झालो होतो.

शेवटी आम्ही नाही म्हणालो. तेव्हापासून बरंच वाचलं, लोकांना विचारलं, आणि माझं मत पक्कं झालंय. या विषयांतली पीएचडी फंडिंगशिवाय करू नये, आणि फंडिंग मिळालं तर आईबापांनी अडवू नये.

आपल्यापैकी बरेच जण लंडनला प्राइमरोज हिलजवळचं 10, किंग हेन्रीज रोड हे घर बघून आले असतील. बाबासाहेब आंबेडकर 1916 मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि 1917 मध्ये त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं. मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राने उसने दिले, तेव्हा कुठे ते 1920 मध्ये परत आले. 1923 मध्ये डी.एस्सी. मिळाली. बाबासाहेबांसारख्या माणसाचीही मधली तीन वर्षं पैशापायी गेली. मग आपल्या मुलांनी 'बघू पुढचं पुढे' म्हणून सुरुवात करावी का?

आता कामाची माहिती. यातली बरीचशी मलाच दोन वर्षांपूर्वी माहीत नव्हती.

मास्टर्ससाठी इंग्लंडमध्ये सरकारी लोन मिळतं, 2025-26 साठी जास्तीत जास्त 12,858 पौंड. त्यात आईवडिलांचं उत्पन्न बघत नाहीत. पण बऱ्याच ठिकाणी यात फीसुद्धा पूर्ण भागत नाही. आणि पगार वर्षाला 21,000 पौंडांच्या वर गेला, की वरच्या रकमेच्या 6 टक्के कापले जातात. पदवीच्या लोनचा हप्ता वेगळा.

पीएचडीला मुख्य आधार म्हणजे एएचआरसी, आर्ट्स अँड ह्युमॅनिटीज रिसर्च कौन्सिल. तिची स्टुडंटशिप मिळाली तर फी भरली जाते आणि राहण्याखाण्यासाठी स्टायपेंड मिळतो. 2025-26 मध्ये तो किमान 20,780 पौंड होता, लंडनमध्ये थोडा जास्त, आणि त्यावर इन्कम टॅक्स नाही. श्रीमंती नाही, पण आईबापांपुढे हात पसरावा लागत नाही. जागा मात्र मोजक्या असतात. युनिव्हर्सिटीच्या स्वतःच्या स्कॉलरशिपही असतात, त्यांची चौकशी वेगळी करावी लागते.

व्हिसाचं बघा. तुम्ही अजून वर्क व्हिसावर असाल आणि मूल डिपेंडंट असेल, तर सहसा होम फी लागू होत नाही आणि सरकारी लोनही मिळत नाही. एएचआरसीची दारं परदेशी विद्यार्थ्यांनाही 2021 पासून उघडली आहेत, पण त्यांच्यासाठी जागांना मर्यादा आहे, आणि फीमधला फरक कोण भरणार हे युनिव्हर्सिटीला आधीच विचारायला हवं.

आणि वेळापत्रक. पुढच्या शरद ऋतूत सुरू करायचं असेल, तर आदल्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच सुपरवायझरशी बोलणं सुरू व्हायला हवं. फंडिंगच्या मुदती बहुधा डिसेंबर-जानेवारीत असतात. म्हणजे आपण दिवाळीचा फराळ करत असतो, तेव्हा पोरांचा प्रपोजलचा कच्चा मसुदा तयार हवा.

नोकरीचा प्रश्न खोटा नाही. पीएचडी करून अनेकांना कायमची प्राध्यापकी मिळत नाही, हे मुलांना स्पष्ट सांगा. पण सुपरवायझरला पहिल्याच भेटीत विचारायला लावा, "तुमचे आधीचे विद्यार्थी आज कुठे आहेत?" उत्तर द्यायची टाळाटाळ झाली तर समजून घ्या. आणि युनिव्हर्सिटीच्या करिअर सर्व्हिसकडे पहिल्याच वर्षी जायला सांगा, शेवटच्या नाही. सिव्हिल सर्व्हिस, प्रकाशन, म्युझियम, अर्काइव्हज, शाळेत शिकवणं, या वाटा आहेत आणि त्यांची तयारी आधीपासून करावी लागते.

एक गोष्ट आपल्या घरातलीच. ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसची कागदपत्रं आहेत, मराठी हस्तलिखितं आहेत. ती वाचू शकणारी मुलं इथे किती असतील? आपण रविवारच्या मराठी शाळेत पोरांना ओढत नेतो, तेव्हा ते त्यांच्या संशोधनाचं भांडवल होऊ शकतं हे लक्षात घेत नाही. माझ्या लेकीच्या नव्या प्रपोजलमध्ये हाच मुद्दा सगळ्यात भक्कम आहे. मोडी ती आता शिकतेय, मीही तिच्याबरोबर अडखळतोय.

सध्या ती नोकरी करते. जानेवारीत पुन्हा अर्ज गेला, या वेळी स्टुडंटशिपचाही. निकाल यायचाय. नाही मिळाली तर पीएचडी नाही, हे आमचं तिघांचं मिळून ठरलंय. वाईट वाटेल, पण ते उघड बोलून झालंय.

म्हणून एवढंच सांगतो. तुमचं मूल उद्या जेवताना असं काही म्हणालं, तर 'नोकरी कुठे मिळणार?' नंतर विचारा. आधी विचारा, "फंडिंगची मुदत कधी आहे?" त्या एका प्रश्नातून त्याला कळेल, की आईबाबा ऐकायला तयार आहेत.

कुणाचं मूल या वाटेने गेलं असेल, तर अनुभव जरूर लिहा. इथल्या बऱ्याच घरांना उपयोग होईल.