खाडा आणि गर्भाशय

दसरा झाला की परंडा, भूम, वाशीच्या वस्त्यांतून कोयते निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल मुकादमाची, नफा कारखान्याचा. पाळीत बाई एक दिवस बसली तर खाडा आणि वर दंड. फडात ना संडास, ना धड पाणी. दुखणं वाढलं की सल्ला तयार : पिशवी काढून टाका.

२०१९ साली नीलम गोऱ्हे समितीपुढे शेजारच्या बीड जिल्ह्याचा आकडा आला : ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं. मग खासगी शस्त्रक्रियेला जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागू झाली. खाडा मात्र तसाच राहिला!

बाबासाहेबांनी १९२८ सालीच मुंबई कायदेमंडळात ठणकावलं होतं की बाळंतपणातल्या विश्रांतीचा भार मालकाने आणि सरकारने उचलावा. १९२९ ला कायदा झाला, कारखान्यातल्या बाईसाठी. शंभर वर्षं होत आली, फडातल्या बाईला अजून मालकच नाही. कारखाना म्हणतो, मुकादमाला विचारा.

या बायका दलित, भटक्या, वंजारी, भूमिहीन. म्हणूनच त्यांचं दुखणं 'आरोग्याचा प्रश्न' म्हणून दवाखान्यात ढकललं जातं. हा मजुरीचा प्रश्न आहे. कारखान्याला मालक ठरवा, पाळीची रजा पगारी करा, खाडा बंद करा. पिशव्या आपोआप वाचतील.

जय भीम!