शोरूमचं सर्व्हिस पॅकेज खरंच गरजेचं आहे का? नागपूरकरांनी सही करण्याआधी हे समजून घ्या

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. त्याआधी २८ टक्के जीएसटी आणि वरून उपकर लागायचा. गाड्यांच्या किमती उतरल्या, पण शोरूममध्ये शेवटच्या टेबलावर समोर येणारी यादी काही लहान झालेली नाही. प्रीपेड सर्व्हिस पॅकेज, वाढीव वॉरंटी, सिरॅमिक कोटिंग, अंडरबॉडी कोटिंग... एवढे लाख घातलेच आहेत तर हेही घेऊन टाकू, म्हणत अनेकजण सही करतात.

हे पैसे खरंच कामी येतात का? नागपुरात हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. पॅकेज देशभरातल्या गाड्यांसाठी साधारण एकाच साच्यातलं असतं. नागपूरची गाडी मात्र ४५ डिग्रीच्या उन्हात आणि धुळीत चालते.

पॅकेजमध्ये नेमकं काय असतं?

'पॅकेज' या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

पहिली, ठरावीक मुदतीची सर्व्हिस : ऑइल, फिल्टर, तपासणी. ही लागतेच. प्रीपेड पॅकेजमध्ये तिचे पैसे तुम्ही आधी भरता, एवढंच.

दुसरी, जोखमीचं संरक्षण : वाढीव वॉरंटी किंवा इंजिनात पाणी गेल्यास मिळणारी भरपाई. हा विम्यासारखा प्रकार आहे.

तिसरी, सजावट आणि 'ट्रीटमेंट' : कोटिंग, इंटिरियर क्लीनिंग, इंजिन फ्लशिंग. कंपनीच्या मॅन्युअलमधल्या सर्व्हिसच्या तक्त्यात ही कामं सहसा नसतात.

शिवाय पहिल्या काही सर्व्हिस 'फ्री' असतात, म्हणजे मजुरी माफ असते. ऑइल आणि फिल्टरचे पैसे लागतातच. मारुतीच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांना १ हजार, ५ हजार आणि १० हजार किलोमीटरला अशा तीन फ्री सर्व्हिस मिळतात. त्याच सर्व्हिस पॅकेजच्या आकड्यात पुन्हा मोजल्या आहेत का, हे आधी विचारा.

पॅकेज घेतलं नाही तर वॉरंटी जाते का?

नाही. वॉरंटी टिकवण्यासाठी सर्व्हिस वेळेवर करणं आणि तिची नोंद असणं गरजेचं आहे. त्या सर्व्हिसचे पैसे आगाऊ भरले की दर वेळी बिल देऊन, याचा वॉरंटीशी संबंध नाही. ज्या डीलरकडून गाडी घेतली त्याच्याकडेच जायला हवं असंही नाही. त्याच कंपनीचं कुठलंही अधिकृत वर्कशॉप चालतं.

बाहेरच्या गॅरेजचं काय? भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती आपल्या अधिकृत जाळ्याबाहेर जाऊ न दिल्याचा ठपका त्यांच्यावर होता. केवळ स्वतंत्र गॅरेजमध्ये काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नका, असंही आयोगाने बजावलं होतं. दंडाच्या रकमेवरून पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या.

प्रत्यक्षात मात्र बाहेर काम केल्यावर बिघाड झाला, तर वाद घालण्याची वेळ ग्राहकावरच येते. त्यामुळे वॉरंटीच्या काळात अधिकृत वर्कशॉप आणि त्यानंतर भरवशाचा मेकॅनिक, हा व्यवहारी मार्ग आहे.

नागपूरच्या गाडीला काय लागतं?

२३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. अशा उन्हाचा मार सर्वात आधी बॅटरीवर पडतो आणि तिचं आयुष्य कमी होतं. एसी महिनोन्‌महिने पूर्ण ताकदीने चालतो. धुळीमुळे एअर फिल्टर आणि एसीचा केबिन फिल्टर लवकर चोंदतात. धूळ, अति उष्णता आणि सतत कमी अंतराच्या फेऱ्या असतील तर काही भाग लवकर तपासा किंवा बदला, असं बऱ्याच मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. ते पान पॅकेजच्या माहितीपत्रकाइतक्या उत्साहाने कोणी दाखवत नाही.

टायरचंही तसंच. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून पूर्ण खुला झाला. काँक्रीटच्या तापलेल्या रस्त्यावर तासन्‌तास वेगात जाताना झिजलेला किंवा कमी हवेचा टायर जिवावर बेतू शकतो. पण बॅटरी आणि टायर या दोन्ही गोष्टी बहुतेक पॅकेजमध्ये नसतात.

उलट अंडरबॉडी कोटिंगची निकड मुंबई-कोकणात जास्त, कारण तिथे खारी हवा असते. नागपूर समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहे आणि गाडीला कारखान्यातच गंजरोधक लेप दिलेला असतो.

गाडी पाण्यात बुडाली तर?

ही भीती नागपूरला खरी आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, नाग नदीचं पाणी वस्त्यांमध्ये शिरलं आणि पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या.

बुडालेली गाडी सुरू करण्याचा प्रयत्न केला की पाणी सिलिंडरमध्ये जाऊन इंजिन निकामी होऊ शकतं. साध्या सर्वसमावेशक विम्यात हा खर्च अनेकदा नाकारला जातो. त्यासाठी विम्यात 'इंजिन प्रोटेक्ट' हे जादा कव्हर असतं. मारुतीसारख्या कंपन्यांनीही असं संरक्षण देणारं वेगळं पॅकेज आणलं आहे. दोन्हीपैकी एक पुरेसं आहे. आणि पाणी शिरलेली गाडी सुरू करू नका, टो करून न्या.

हिशेब कसा करायचा?

समजा, गाडी महिन्याला ५०० किलोमीटर चालते. पाच वर्षांत ३० हजार किलोमीटर होतील. सर्व्हिस 'किलोमीटर किंवा वर्ष, जे आधी येईल ते' या नियमाने होते, म्हणून वर्षाची सर्व्हिस चुकणार नाही. पण स्पार्क प्लगसारखे भाग अनेक गाड्यांत ४० हजार किलोमीटरच्या आसपास बदलतात. पॅकेजमध्ये त्यांचे पैसे धरले असतील, तर तुम्ही न होणाऱ्या कामाचे पैसे भरताय.

'आजच्या दरात पाच वर्षं' हा विक्रीचा मोठा मुद्दा असतो. पण सप्टेंबर २०२५ मध्ये सुट्या भागांवरचा जीएसटीही २८ वरून १८ टक्क्यांवर आला. ज्यांनी आधीच पैसे भरले होते, त्यांचा दर जुन्या करासकट बांधला गेला होता.

पॅकेज फायद्याचं कोणाला? ज्यांची गाडी वर्षाला १५-२० हजार किलोमीटर चालते, ज्यांना गाडी पाचेक वर्षं ठेवायची आहे आणि ज्यांच्या पॅकेजमध्ये ब्रेक पॅड, क्लचसारखे झिजणारे भाग लेखी धरले आहेत, त्यांना.

सही करण्याआधी चार प्रश्न विचारा :
- मॅन्युअलमधल्या तक्त्यापेक्षा यात जास्त काय आहे?
- गाडी विकली तर पॅकेज नव्या मालकाच्या नावावर होतं का?
- दुसऱ्या शहरात चालतं का?
- रद्द केल्यास पैसे परत मिळतात का?

उत्तरं तोंडी नकोत, कागदावर घ्या.

न सांगता पॅकेज बिलात लावलं असेल तर?

आधी डीलरला आणि कंपनीला लेखी कळवा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. त्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तिथे मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, पण तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. त्यासाठी बिल, जॉब कार्ड आणि पॅकेजचा करार सांभाळून ठेवा.

थोडक्यात, सर्व्हिस टाळू नका, पण सर्व्हिस आणि पॅकेज ही एकच गोष्ट समजू नका. पॅकेजचे पैसे वाचले, तर उन्हाळ्याआधी बॅटरी, कूलंट आणि टायर तपासून घ्या.