कुंभकोणमची परिषद आणि कारकून



22 डिसेंबर हा गणिती रामानुजन यांचा जन्मदिवस. त्या सुमारास त्यांच्या कुंभकोणम गावी शास्त्र विद्यापीठाच्या केंद्रात आंतरराष्ट्रीय परिषद भरते. 2005 पासून 32 वर्षांपर्यंतच्या गणितज्ञाला 10,000 डॉलरचे पारितोषिकही दिले जाते.

अशा परिषदा आता सगळ्याच विद्यापीठांत भरतात. पाहुण्यांशी पत्रव्यवहार, गाडीची आरक्षणे, खोल्या, बिले, माईक, खुर्च्या, हे सारे कारकून-शिपाई करतात. आभार मात्र व्यासपीठावरच्यांचे!

रामानुजन स्वतः कारकूनच होते. 1912 साली मद्रास पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यात, महिना 30 रुपयांवर. जानेवारी 1913 मध्ये केंब्रिजच्या हार्डींना लिहिलेल्या पत्रात त्यांनी आरंभीच सांगितले, की मी कारकून आहे आणि पगार वर्षाला 20 पौंड. (ते पत्र पोहोचवले टपाल कामगारांनी, हे कोणी सांगत नाही.)

आज हीच कामे ठिकठिकाणी कंत्राटदाराकडे जात आहेत. परिषद दरवर्षी, परीक्षा दरवर्षी, मग ती पार पाडणारा माणूस हंगामी कसा? त्याला कायम करा. आणि परिषदेच्या अंदाजपत्रकात हारतुऱ्यांच्या खर्चाआधी रात्री थांबणाऱ्यांचा जादा कामाचा भत्ता लिहा.