‘से इट इन इंग्लिश’ म्हणणाऱ्या आयांना



आज पाककृती नाही, व्रतकथाही नाही. आज थोडं भांडायचं आहे, तेही आपल्याच माणसांशी. सांगली-कोल्हापूरकडच्या आपल्या घरांत आणि इथे परदेशात आलेल्या आपल्या घरांतही एक वाक्य सारखं कानावर पडतं. लेकरू म्हणतं, "आई, पाणी दे." आई म्हणते, "से इट इन इंग्लिश." ते "वॉटर प्लीज" म्हणेपर्यंत पेला काही हातात येत नाही. माझं म्हणणं एवढंच, की हे बंद करा.

इंग्रजीच्या रागाने मी हे लिहीत नाही. जपानमध्ये कोबे शहरात मी तीन ते सहा वर्षांच्या मुलांना इंग्रजी शिकवते. इंग्रजीवर माझी कमाई आहे. म्हणूनच लहान मुलांना इंग्रजी शिकवणं म्हणजे नेमकं काय, हे मी रोज जवळून बघते.

दाराशी बूट काढून मुलं आत वापरायचे पांढरे कापडी बूट घालतात आणि गोल करून बसतात. आधी हॅलोचं गाणं, मग आज ऊन की पाऊस, मग रंग, मग प्राण्यांची चित्रं, शेवटी उड्या आणि गुडबाय. माझे गुडघे दुखतात, आवाज बसतो. जपानीत बहुतेक अक्षरांच्या शेवटी स्वर येतो, त्यामुळे ‘मिल्क’चं ‘मिरुकु’ होतं. मी चूक म्हणत नाही, नुसतं पुन्हा ‘मिल्क’ म्हणते. कुत्र्याचं चित्र दाखवून मी ‘वूफ वूफ’ केलं की वर्ग लोटपोट हसतो. त्यांचा कुत्रा ‘वान वान’ करतो ना! आपला ‘भू भू’ करतो. त्या वयाला भाषा ही अशी गंमत असते.

आता नीट ऐका. मी शिकवते तिथे नियम आहे, की इंग्रजीच्या बाईंनी मुलांशी जपानी बोलायचं नाही. आपल्या घरातल्या आयांना हा नियम फार आवडेल. पण त्या नियमाची दुसरी बाजू त्यांना दिसत नाही. वर्ग चालू असताना मुलांच्या नेहमीच्या बाई दाराशी उभ्या असतात. एखादं पोर पडलं की "इताई, इताई", म्हणजे दुखतंय, असं म्हणून रडतं आणि थेट त्यांच्याकडे धावतं. त्या त्याला उचलतात, त्याच्या भाषेत समजावतात. मग ते डोळे पुसून पुन्हा माझ्या गोलात येऊन बसतं. माझी इंग्रजी चालते ती दाराशी उभ्या असलेल्या त्या बाईंच्या जिवावर.

घरी दाराशी उभी असते ती आई. आईच इंग्रजीची बाई झाली तर पोराने पडल्यावर धावायचं कोणाकडे?

शिवाय आपण घरात जी इंग्रजी बोलतो ती कोणती, हेही तपासून बघा. कम फास्ट. सिट प्रॉपर्ली. फिनिश युवर चपाती. डोन्ट टच. सगळे हुकूम! रुसणं, लाडात येणं, हुरहुर लागणं, कोणाची कीव येणं, यातलं किती आपल्याला इंग्रजीत सांगता येतं? जे आपल्यापाशीच नाही ते लेकराला कुठून देणार? मग त्याच्याकडे आज्ञा पाळण्यापुरते शब्द जमतात आणि मन मोकळं करायला शब्दच उरत नाहीत.

यात धर्माचंही नुकसान आहे. इथली लहान मुलं मुंगीला ‘आरि-सान’ म्हणतात. ‘सान’ हे मोठ्या माणसांच्या नावापुढे लावायचं आदराचं अक्षर, ते मुंगीलाही लागतं आणि हत्तीलाही. आपल्याकडे मुंगीताई, चिऊताई, चांदोमामा. त्या मुंगीताईवर पाय पडू नये म्हणून लेकरू आपण होऊन बाजूला होतं. जीवदयेचा पहिला धडा पाठशाळेत जाण्याआधी इथेच मिळतो, आजीच्या मांडीवर. माझ्या वर्गातल्या चित्रावर मुंगी म्हणजे नुसती ‘अँट’. शब्द म्हणून तो बरोबर आहे, पण त्यात नातं नाही.

आणि आपण समवसरणाची गोष्ट कशी विसरतो? तीर्थंकरांचा दिव्यध्वनी तिथला प्रत्येक जीव आपापल्या भाषेत ऐकतो, माणसं त्यांच्या आणि पशुपक्षी त्यांच्या, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. आधी माझी भाषा शिक, मग उपदेश देतो, असं भगवंतांनी कोणाला म्हटलं नाही. आपण मात्र पाण्याच्या पेल्यासाठी अट घालतो. श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी मराठी अक्षरं कोरलेली आहेत, मराठीच्या सर्वांत जुन्या शिलालेखांत त्यांची गणना होते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्याच दिवशी प्राकृतलाही दिला. आपल्या घरची भाषा आणि आपल्या णमोकार मंत्राची भाषा, दोन्ही एकाच दिवशी! तेव्हा आपल्या महिला मंडळांच्या ग्रुपवर फुलांचा पाऊस पडला. त्याच मंडळातल्या किती जणींच्या नातवंडांना मुनिमहाराजांचं मराठी प्रवचन समजतं?

तुम्ही म्हणाल, लहानपणी भाषा लवकर येते. येते, पण ती दिवसभर कानावर पडत असेल आणि तिच्यातून खेळ, भांडण, माया सगळं मिळत असेल तर. आठवड्याच्या एका तासात गाणी येतात, उच्चार सुधारतात, भीड चेपते. एवढंच होतं, आणि तेवढं पुरेसं आहे. वर्गात चार वर्षांच्या पोराला जे शिकायला खूप वेळ लागतो ते दहा वर्षांचं मूल बरंच लवकर उचलतं, तोवर त्याची स्वतःची भाषाही पक्की झालेली असते. टेकायला भिंत मिळाली की दुसरी भाषा उभी राहते.

तुम्ही असंही म्हणाल, की जपान्यांना कुठे धड इंग्रजी येतं? खरं आहे, याची काळजी ते स्वतःही करतात. म्हणून २०११ पासून त्यांनी प्राथमिक शाळेत पाचवी-सहावीला इंग्रजीची ओळख सुरू केली. २०२० पासून ती तिसरीला आणली आणि पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय केला. पण गणित, विज्ञान, इतिहास? ते जपानीतच. इंग्रजी वाढवायची म्हणून त्यांनी घरातली भाषा हाकलली नाही. माझ्या वर्गातल्या पोरांना न्यायला येणाऱ्या आया दारातच "आज काय केलंस?" हे जपानीतच विचारतात.

आणि परदेशातल्या मैत्रिणींनो, तुम्हाला वेगळं सांगते. इथे जपानी अंगणात मिळेल, इंग्रजी शाळेत मिळेल. मराठी फक्त तुमच्या स्वयंपाकघरात आहे. ते दार तुम्ही लावलंत तर या अख्ख्या देशात दुसरं उघडं दार नाही. कोबेच्या कितानो भागात १९८५ सालचं महावीर स्वामींचं सुंदर जिनमंदिर आहे. तिथे मूल हात जोडेलही, पण आपण कोणाला आणि का हात जोडतो, हे त्याला कोण सांगणार?

करायचं काय, तेही सांगते. आपण दिवसाउजेडी जेवतो. इथे डिसेंबरात पाचच्या आत सूर्य मावळतो, म्हणजे जेवण उरकल्यावर निजेपर्यंत मोठी संध्याकाळ हातात असते. तो वेळ मराठीला द्या. एक दिवस बाहुबलीची गोष्ट, एक दिवस चंदनबालेची, एक दिवस आजीला फोन. आजीशी बोलताना मध्ये बसून भाषांतर करू नका. लेकरू अडखळेल, आजी हसेल, शब्द सापडेल. इंग्रजी शाळेवर सोडा, माझ्यासारख्या बायांवर सोडा. आम्ही त्याचेच पैसे घेतो.

आणि उद्या लेकराने "आई, पाणी दे" म्हटलं, तर आधी पाणी द्या.

जय जिनेंद्र.